मोठं शहर चार दिवसांत बघायचं असेल तर टुरिस्ट पास घ्यावा की वेगवेगळी तिकिटं काढावीत?

तुम्ही विचारलंय की युरोपातल्या एखाद्या मोठ्या शहरात चार दिवस राहणार आहोत, सोबत दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई आहेत, पासच्या जाहिरातीत ‘५० टक्क्यांपर्यंत बचत’ असं लिहिलंय, तर पास (एकदाच पैसे भरून बऱ्याच ठिकाणी प्रवेश देणारं कार्ड) घ्यावा की जिथे जाऊ तिथलं तिकीट काढावं. माझं मत असं, की मुलांना बहुधा नकोच, सासूबाईंना जवळजवळ नक्कीच नको, आणि तुम्हा दोघांना हवा की नको ते शहर कोणतं आणि तुम्ही तिथे कोणत्या वारी असणार यावर ठरेल.

मुलांचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे उगाच जातात. पॅरिसमध्ये लूव्र आणि ऑर्से ही संग्रहालयं आणि व्हर्सायचा राजवाडा १८ वर्षांखालच्या मुलांना फुकट आहेत, पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो. रोमचं कोलोसियम, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि व्हॅन गॉग म्युझियम, माद्रिदचं प्रादो, सगळीकडे हेच. लंडनमध्ये तर ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, नॅचरल हिस्ट्री म्युझियम यांचे कायमस्वरूपी संग्रह लहानथोर सगळ्यांनाच मोफत. तरीही पास विकणाऱ्यांच्या साइटवर ‘चाइल्ड पास’चा पर्याय असतो, आणि घाईत चार जणांचे चार पास टोपलीत टाकले जातात. मुलांचा पास घ्यायचाच असेल तर आधी प्रत्येक ठिकाणच्या स्वतःच्या साइटवर मुलांचा दर बघा. एक मात्र विसरू नका. फुकट असलं तरी जिथे वेळेचा स्लॉट (आत जायची आधी ठरवलेली वेळ) लागतो तिथे मुलांच्या नावाने शून्य रकमेचं तिकीट काढून ठेवावं लागतं. नाहीतर आईबाबा आत आणि पोरं दारात, असा प्रकार होतो.

सासूबाईंचा मुद्दा वेगळा आहे. दिवसमोजणीचा पास, म्हणजे ठरावीक दिवसांपुरताच चालणारा, साधारण तेव्हाच परवडतो, जेव्हा माणूस रोज तिकीट असलेली दोन-तीन मोठी ठिकाणं करतो. वय झालेल्या माणसाला सकाळी एक मोठं संग्रहालय पुरतं. दुपारी बागेत बाकावर बसणं हाच त्यांचा आनंद असतो आणि त्याला तिकीट नसतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी ज्येष्ठांना सवलतीचं तिकीट असतं, उदाहरणार्थ टॉवर ऑफ लंडनला ६५ च्या पुढे. पास घेतला की ती सवलत वापरायचा प्रश्नच उरत नाही.

आता तुमचे दोघांचे पास. हिशेब करायची माझी पद्धत साधी आहे. पासची यादी उघडायच्या आधी एका कागदावर ती ठिकाणं लिहा, जिथे पास नावाची गोष्ट जगात नसती तरी तुम्ही गेला असतात. त्यांची तिकिटं त्या त्या साइटवर बघून बेरीज करा. मग पासची किंमत. बेरीज पासपेक्षा बरीच जास्त आली तर पास घ्या. जेमतेम जास्त आली तर घेऊ नका, कारण एखादा दिवस पाऊस येणार, एखाद्या दिवशी मूल कुरकुरणार आणि एक ठिकाण हमखास गळणार. आधी यादी उघडली की हा हिशेब बिघडतो. ‘१०० हून अधिक आकर्षणं’ वाचून आपण मेणाचे पुतळे, नदीतली फेरी आणि लाल दुमजली बस हेही बेरजेत धरायला लागतो, आणि मग पास नेहमीच स्वस्त दिसतो. जाहिरातीतली ती बचतही अशीच निघते, तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत यादी संपवत सुटाल असं धरून. त्या ‘पर्यंत’ या शब्दाकडे नीट बघा.

यादीत काय नाही हे तर त्याहून महत्त्वाचं. पॅरिस म्युझियम पासवर आयफेल टॉवर नाही, कॅटाकोम्ब (हाडांची जुनी भुयारं) नाहीत. रोमा पासवर व्हॅटिकनची संग्रहालयं नाहीत, कारण व्हॅटिकन हे वेगळं राज्य. ॲमस्टरडॅमच्या सिटी कार्डावर ॲन फ्रँकचं घरही नाही आणि व्हॅन गॉगही नाही, आणि लोक बहुतेक त्याच दोन ठिकाणांसाठी तिथे जातात. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं दर मंगळवारी पुढच्या सहाव्या आठवड्यासाठी ऑनलाइन सुटतात आणि भराभर संपतात. तिथे पास काहीच कामाचा नाही, मंगळवारी फोन हातात घेऊन बसणं कामाचं.

मग येतात वार. ही गोष्ट लोक शेवटी बघतात, आणि खरं तर पासचं गणित इथेच जमतं किंवा फसतं. पॅरिसचंच घ्या, कारण ते शहर मला बऱ्यापैकी माहीत आहे. लूव्र मंगळवारी बंद. ऑरांजरी, म्हणजे मोनेची कमळं आहेत ते, तेही मंगळवारी बंद. ऑर्से सोमवारी बंद, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, रोदँचं संग्रहालयही सोमवारी बंद. पोंपिदू हे आधुनिक कलेचं केंद्र तर सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी काही वर्षं बंदच आहे. तिथला दोन दिवसांचा पास सोमवारी सकाळी चालू केलात तर अर्धा पास बंद दारांसमोर संपेल. तोच पास बुधवारी दुपारी चालू केलात तर चित्र पालटतं, कारण तो तारखांवर चालत नाही. पहिल्या स्कॅनपासून सलग ४८ तास, असा तो मोजला जातो. बुधवारी दुपारी २ ला संत-शापेल हे चर्च, संध्याकाळी लूव्र, कारण बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री ९ पर्यंत उघडं असतं. गुरुवारी सकाळी व्हर्साय, परत आल्यावर ऑर्से, जे गुरुवारी पावणेदहापर्यंत चालू असतं. शुक्रवारी सकाळी ऑरांजरी आणि दुपारी २ च्या आत आर्क द त्रिओंफ या विजयकमानीच्या गच्चीवर. दोन दिवसांच्या पासात तीन दिवस आले. (गुरुवार दमवणारा आहे, नाकारत नाही. आणि त्या गच्चीला २८४ पायऱ्या आहेत, तेव्हा सासूबाईंना खाली गप्पा मारायला कुणीतरी लागेल.)

उलट लंडन पासचा एक दिवस म्हणजे तारीख. दुपारी ४ वाजता पहिलं स्कॅन केलंत की तो दिवस संपलाच. असा पास सकाळी दार उघडतानाच चालू करायचा. तिथे रविवारीही जरा सांभाळून, कारण वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स रविवारी प्रार्थनेसाठी उघडी असतात, पर्यटकांच्या फेरीसाठी नाही. म्हणून कुठलाही पास घेताना तास की तारीख, एवढं एक वाक्य अटींमध्ये शोधून काढा. बाकीच्या अटी वाचल्या नाहीत तरी चालतील असं म्हणणार होते, पण आणखी एक वाचाच. बहुतेक पासवर प्रत्येक ठिकाणी एकदाच आत जाता येतं. सकाळी लूव्र अर्धं बघून बाहेर पडलात आणि संध्याकाळी उरलेलं बघू म्हटलंत, तर नाही.

‘रांग टाळा’ या दोन शब्दांवर बरेच पास विकले जातात. टळते ती तिकीट खिडकीची रांग. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच चुकत नाही. संत-शापेल याचं उत्तम उदाहरण आहे. ते चिमुकलं चर्च पॅरिसच्या जुन्या न्यायालयाच्या आवारात आहे, त्यामुळे आत जाणाऱ्या प्रत्येकाची तपासणी कोर्टात जाणाऱ्यासारखी होते. पट्टे, किल्ल्या, चिल्लर ट्रेमध्ये, बॅग मशीनमधून, पाण्याची बाटली हातात धरून दाखवा. माझ्या पुढे एक गृहस्थ पासचा क्यूआर कोड त्या मशीनवाल्याला पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि तो शांतपणे त्यांच्या खिशाकडे बोट करत होता. खिशातून निघाला छोटा चाकू, फळं कापायचा. म्हणून स्लॉटच्या वेळेआधी तिथे थोडं लवकरच पोचा.

आणि स्लॉट. गेल्या काही वर्षांत पासचं सगळं रूपच या एका गोष्टीने बदललं. पूर्वी पास दाखवला की आत. आता लूव्र, संत-शापेल, ऑरांजरी, व्हर्साय, कोलोसियम, राइक्सम्युझियम अशा गर्दीच्या ठिकाणी पास असूनही वेळ आधी आरक्षित करावी लागते. पासधारकांसाठीचे स्लॉट संपले असतील तर हातात पूर्ण पैसे भरलेला वैध पास असतो आणि आत जाता येत नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा. आधी प्रत्येक ठिकाणच्या अधिकृत साइटवर जाऊन तुमच्या तारखांना पासधारकांसाठी स्लॉट शिल्लक आहेत का ते बघा. असतील तर पास घ्या, आणि तो हातात येताच त्याच बैठकीत सगळे स्लॉट धरून टाका. काही ठिकाणी बुकिंग करताना पासचा क्रमांक मागतात, म्हणून पास आधी लागतो. पण स्लॉट बघायला काही लागत नाही. पास विकणाऱ्याच्या साइटवर ‘आरक्षण शिफारसीय’ असं मवाळ भाषेत लिहिलं असेल तर ते ‘आरक्षण आवश्यक’ असंच वाचा.

सरसकट ‘पास नको’ असंही मी म्हणणार नाही. छोटे, एकाच विषयाचे पास मला मनापासून आवडतात. माद्रिदमध्ये प्रादो, थिसेन आणि रेइना सोफिया या तीन संग्रहालयांचं एक संयुक्त कार्ड मिळतं, आणि ते वर्षभर चालतं. बार्सिलोनात सहा कलासंग्रहालयांचं असंच एक आहे, तेही वर्षभराचं. न्यूयॉर्कच्या सिटीपासमध्ये मोजकी पाच ठिकाणं असतात आणि ती करायला ९ दिवस मिळतात. असा पास मानेवर बसत नाही. आज एक, परवा एक, मधला दिवस नुसतं भटकायला. चार दिवसांच्या कुटुंबाच्या सहलीला हा प्रकार दिवसमोजणीच्या पासपेक्षा कितीतरी बरा. (माद्रिदला जाणार असाल तर हेही सांगून ठेवते, प्रादो रोज शेवटचे दोन तास सगळ्यांना फुकट असतं. रांग लांब लागते, पण सरकते.)

दिवसमोजणीच्या पासबद्दल माझी खरी तक्रार पैशांची नाहीच. पैसे वसूल करायची आपली खोड अशी आहे की पास खिशात आला की माणूस सहल सोडून वसुलीला लागतो. संत-शापेलच्या अरुंद गोल जिन्याने वर गेलात की चारही बाजूंना काचा आहेत, १५ उंच खिडक्या, त्यांत बायबलमधले ११०० हून अधिक प्रसंग. हे चर्च १२४८ साली पूर्ण होऊन अर्पण झालं. ऊन ढगात गेलं की निळा रंग गडद होतो, बाहेर आलं की लाल पेटतो. हे बघायला तिथे थांबावं लागतं, बाकी काही करावं लागत नाही. आणि गळ्यात पासची दोरी अडकवलेली माणसं वर येतात, फोन उंच धरून गोल फिरतात आणि घड्याळ बघत जिना उतरतात, कारण पुढचा स्लॉट साडेतीनचा असतो. ज्यांनी फक्त या एका जागेचं तिकीट काढलेलं असतं ती बसलेली असतात. एकदा पास विकत घेतला की ते पैसे गेले. तुम्ही सहा ठिकाणी जा की तीन ठिकाणी, ते परत येणार नाहीत. तिसऱ्या ठिकाणी मन रमलं असेल तर चौथं खुशाल सोडा. हे मनाला पटवता येत असेल तरच दिवसमोजणीचा पास घ्या.

प्रवासाचं थोडक्यात. काही कार्डं मुळात बस-मेट्रोची असतात आणि संग्रहालयांवर फक्त सवलत देतात. बर्लिनचं वेलकम कार्ड आणि व्हिएन्ना सिटी कार्ड त्या जातीची. नावात ‘कार्ड’ बघून सगळीकडे प्रवेश फुकट आहे असं समजू नका. रोमा पासमध्ये मेट्रो आणि बस आहे, पॅरिस म्युझियम पासमध्ये प्रवास अजिबात नाही, तेव्हा व्हर्सायच्या ट्रेनचं तिकीट वेगळं काढायचं. लिस्बनचं कार्ड याबाबतीत उदार आहे, त्यावर जवळच्या सिंत्रा आणि काश्काइशच्या लोकल गाड्याही चालतात, आणि तिथे तुमच्यासारख्यांना तो पास बहुतेक परवडेल. विमानतळाचं मात्र दरवेळी वेगळं तपासा. बर्लिनचा विमानतळ सी या बाहेरच्या भाडे-झोनमध्ये येतो, म्हणजे एबी झोनचं कार्ड तिथे चालत नाही. रोमच्या विमानतळावरून सुटणारी लिओनार्दो एक्सप्रेस रोमा पासवर नाही. आणि जिथे प्रवास आणि प्रवेश एकाच घड्याळावर चालतात तिथे संध्याकाळी उतरल्यावर हॉटेलपर्यंत साधं तिकीट काढून जा, पास दुसऱ्या दिवशी पहिल्या दारावर उघडा.