गोगलगायीला किडीचं औषध का लागत नाही?

गेल्या चार दिवसांत औसा, निलंग्याकडून सारखे गोगलगायीचेच मेसेज येतायत म्हणून एकत्रच उत्तर देतो. एक दादा विचारतात, "साहेब, सोयाबीनवर दोन फवारण्या झाल्या, एक पण मेली नाही, औषध डुप्लिकेट आहे का?" एका ताईंनी विचारलंय की उन्हाळ्यात बांधावर नुसते रिकामे शंख दिसत होते, मग पाऊस पडला की ह्या येतात कुठून. तिसरा प्रश्न, नर-मादी ओळखायची कशी, म्हणजे मादीच तेवढी वेचू.

दादा, औषध खरंच असेल, पण गिऱ्हाईक चुकलं. गोगलगाय कीटक नाहीच. कीटकाला सहा पाय, हिला पोटच पाय, म्हणून तर तिच्या वर्गाला उदरपाद म्हणतात आणि अख्ख्या संघाला मृदुकाय. तिची भाऊबंदकी अळीशी नाही, कोकणातल्या तिसऱ्या, कालवं, माकूळ यांच्याशी आहे. अळीसाठी बनवलेलं औषध हिच्यावर मारलं की ही अंगावर चिकट सोडते आणि शंखात जाऊन बसते, मरतात ते काजवे, ज्यांच्या अळ्या गोगलगाईंना खातात. म्हणजे पैसे आपले गेले आणि फायदा तिचा.

एकदा काचेच्या बरणीत एक ठेवून खालून बघा. तोंडात कानशीसारखी जीभ असते, बारीक दातांच्या रांगाच रांगा, तिनं पान खरवडून खाते. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या, वरच्या लांब जोडीच्या टोकाला डोळे, आणि उजव्या बाजूला शंखाच्या कडेला एक भोक उघडझाप करताना दिसेल, ते श्वासाचं.

ताई, तुमच्या त्या शंखातले सगळे रिकामे नव्हते. ही आफ्रिकेतली जात, १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रजानं मॉरिशसहून कलकत्त्यात आणलेली, कोरड्यात कशी तगायची ते हिला पक्कं ठाऊक. ऊन वाढलं की दगडाखाली, काडीकचऱ्यात शिरते, शंखाच्या तोंडावर चिकटाचा पापुद्रा वाळवून दार लावून घेते नि महिनोन्‌महिने तशीच पडून राहते, पहिला चांगला पाऊस झाला की बाहेर. २०२२ च्या खरिपात लातूर, उस्मानाबाद, बीडकडं कोवळं सोयाबीन खाल्लं, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली ते आठवत असेलच.

आणि नर-मादीचं सोडाच, प्रत्येक गोगलगाय दोन्ही असते. जोडी जमल्यावर बीज साठवून ठेवते नि नंतर पुन्हा पुन्हा अंडी घालते, ओल्या मातीत एका वेळी शंभर-दोनशे, पिवळसर साबुदाण्यासारखी. म्हणून एक वेचली तर पुढच्या शेकडो टळल्या असंच समजा.

वेचायची वेळ संध्याकाळी किंवा पहाटे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाकडेनं टाकून ठेवा, सकाळी त्याखाली ढीग सापडेल. हातमोजे घालाच, हिच्यात मेंदूला त्रास देणारा जंत असू शकतो. वेचलेल्या साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका, पण मीठ शेतात फेकू नका हो, जमीन खराब होते. बांधाला चुन्याच्या भुकटीचा चार बोटं पट्टा चालतो, फक्त पाऊस आला की धुऊन जातो, मग परत टाकायचा. गंमत म्हणजे वाळलेल्या भिंतीचा चुना हीच गोगलगाय शंखासाठी चाटत असते, ताजी भुकटी मात्र अंगाला पोळते.

लई झाल्या असतील तर मेटाल्डिहाईड, म्हणजे खास गोगलगायीचं औषध, त्याच्या २.५ टक्केच्या गोळ्या, एकरी २ किलो, संध्याकाळी बांधाकडेनं नि ओळीत विखरून. ढीग करू नका, कुत्री-कोंबड्या खातात आणि मरतात. हे औषध तिचा चिकटच संपवतं, त्यामुळं पाऊस उघडीप देईल त्या दिवशी टाकलेलं बरं, ओल्यात ती सावरते. मेलेल्या गोळा करून खड्ड्यात पुरा, आणि शेजाऱ्याला पण सांगा, कारण तिला बांध कळत नाही.