कसारा घाटात पेडल मऊ पडतं? मोठ्या डिस्क घेण्याआधी ही कामं करा

तुमची अडचण थोडक्यात अशी: आठ वर्षं जुनी हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. नाशिकहून मुंबईला पाच माणसं आणि सामान घेऊन उतरताना कसारा घाटाच्या शेवटी पेडल मऊ होऊन खाली जातं, शहरात मात्र ब्रेक व्यवस्थित लागतात. म्हणून पुढे मोठ्या डिस्क आणि मोठे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) टाकावेत का, असं विचारलंय. माझं मत: आत्ता नको. पेडल खाली जाण्याचं कारण बहुतेक ब्रेक ऑइलमध्ये आहे, आणि मोठी डिस्क बसवली तरी ते ऑइल तसंच राहील.

घाटात ब्रेक दोन प्रकारे दगा देतात. पेडल कडक आहे, जोर लावला तरी गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडल मऊ पडून खाली जातं, तेव्हा ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. पायाचा जोर बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो. गाडी थंड झाली की दोन्ही आपोआप बरं होतं, म्हणून गॅरेजमध्ये नेल्यावर काहीच सापडत नाही. तुमची खूण दुसऱ्या प्रकाराची आहे. पेडल थंड असतानाही मऊ असतं, तर लाईनमधली हवा, फुगलेला होज पाइप किंवा मागच्या ड्रममधले सैल पडलेले शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) आधी पाहिले असते.

उष्णतेचा हिशोब करून बघा. माणसांसकट गाडी 1400 किलो आणि उतरायची उंची ढोबळ 250 मीटर धरली, तर ताशी 80 वरून दहा वेळा पूर्ण थांबण्याइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये यातला मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरलात तर जवळजवळ सगळं पुढच्या दोन डिस्कवर येतं. नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटालाही हेच लागू आहे.

पहिलं काम ऑइलचं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि इगतपुरीकडच्या पावसाळ्यात फिरणाऱ्या गाडीला ओलीची कमी नसते. डॉट 3 (डॉट ही बाटलीवर लिहिलेली ऑइलची प्रत) चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 205 अंश, ओल शोषल्यावर 140. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155, डॉट 5.1 चे 260 आणि 180. तुमच्या गाडीला डॉट 4 पुरेल. डॉट 5 हे सिलिकॉनचं, पूर्ण वेगळं ऑइल आहे. नावातल्या साम्यावर जाऊन ते भरू नका. एक लिटर सीलबंद घ्या, 500 मिलीच्या दोन बाटल्या सोयीच्या. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवायची नाही. दर दोन वर्षांनी बदल.

ऑइल बदलताना आधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं जुनं, काळं ऑइल सिरिंजने काढा आणि नवं भरा. मग मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांची ब्रेक लाईन तिरपी जोडलेली असते, त्यांचा क्रम वेगळा असतो, म्हणून मॅन्युअल बघा. निपल (चाकाजवळचा ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) बहुधा 8 किंवा 10 च्या रिंग पान्याने सुटतं. पारदर्शक नळी लावून टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, बंद झाल्यावरच पाय सोडायचा. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल आलं की पुढचं चाक. टाकीतली पातळी किमान रेषेखाली जाऊ देऊ नका. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा गेली तर ती काढायला स्कॅनर लागतो. आणखी एक: पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरात येत नाही, तिथे गंज आणि मळ साचलेला असतो. पेडल तळाला टेकवत पंप केलं तर सील त्यावर घासून कापतात आणि आज चांगला असलेला सिलिंडर उद्या गळायला लागतो. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

दुसरं काम पॅडचं. पॅडच्या कडेला किंवा मागच्या पत्र्यावर छापलेल्या कोडमध्ये शेवटी दोन अक्षरं असतात: पहिलं साध्या तापमानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. एफई असेल तर तापल्यावर पकड उतरते हे तिथेच लिहिलंय. एफएफ किंवा जीएफ घ्या. शर्यतीचे पॅड मात्र नकोत, ते थंडीत सकाळच्या पहिल्या सिग्नलला नीट पकडत नाहीत. बॉश, टीव्हीएस गर्लिंग यांचे पॅड सहज मिळतात, पण बिलाशिवाय घेऊ नका. ब्रेकच्या सामानात नकली माल भरपूर फिरतो.

पॅड बदलताना गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. कॅलिपर होज पाइपवर लटकवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन आत ढकलताना निपल उघडून जुनं ऑइल बाहेर जाऊ द्या, म्हणजे मळ उलटा एबीएसकडे जात नाही. कॅलिपर ज्यांवर मागेपुढे सरकतो त्या स्लाइड पिन बाहेर काढा. माझ्या मते घरगुती गाड्यांत सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. पिन जाम असेल तर आतलाच पॅड झिजतो, बाहेरचा नवाच राहतो आणि अर्धी पकड वाया जाते. पिन पुसून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतो आणि पिन पुन्हा अडकते. पॅड ज्या क्लिपमध्ये सरकतो तिथला गंज वायर ब्रशने काढा. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. नाहीतर पहिल्या दाबाला ते तळाला जातं आणि गाडी भिंतीवर आदळते.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. ती मायक्रोमीटरने मोजा, कारण कडेला न झिजलेला काठ राहतो आणि व्हर्निअर त्याच्यावर टेकून जास्त जाडी दाखवतो. नाशिकच्या सातपूर-अंबडला डिस्क घासून सपाट करणाऱ्या लेथची कमी नाही, पण घासल्यावर डिस्क किमान जाडीखाली जाणार असेल तर नवीच घ्या. नवी बसवताना हबवरचा गंज आधी काढा, नाहीतर डिस्क डुलते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरायला लागतं. डायल गेजवर डुलणं 0.05 मिमीच्या आसपास असावं. साधी, भोकं नसलेली डिस्क घ्या. भोकांभोवती उष्णतेने तडे जातात.

मागच्या ड्रमकडे कोणी बघत नाही. हँडब्रेकची केबल आधी ढिली करून अडकलेला अ‍ॅडजस्टर मोकळा करा. शू इतके बाहेर आणा की ड्रम हलकासा घासत फिरेल. व्हील सिलिंडरचा बूट उचलून ओल आहे का पाहा. धूळ हवेने उडवू नका, क्लीनरने ओली करून पुसा. यानेच पेडलचा प्रवास बराच कमी होतो.

नवे पॅड बसवणं इथे संपत नाही. दिंडोरी रोडला म्हसरूळच्या पुढे पहाटे, मागे गाडी नसताना, ताशी 60 वरून 15 पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावा. पूर्ण थांबू नका. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड करा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलात तर त्या जागी पॅडचा थर चिकटतो.

आता मोठ्या डिस्कचं. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर एबीएस चालू होत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीहून आधीच जास्त आहे. एका थांब्याचं अंतर तिथे चांगल्या टायरनेच कमी होईल. मोठी डिस्क फक्त जास्त उष्णता झेलते. शिवाय मोठ्या पिस्टनला जास्त ऑइल लागतं, मास्टर सिलिंडर तोच राहिला तर पेडल आणखी लांब जातं. पुढचा वाटा वाढून मागची चाकं कमी काम करतात. आणि 14 इंची रिममध्ये मोठा कॅलिपर बसेलच असं नाही. कंपनीच्या मूळ रचनेत बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि विम्याचा प्रश्नही येतो.

ऑइल, पॅड, पिन आणि ड्रम एवढं करून, गिअरमध्ये उतरूनही पेडल खाली गेलं, तर पॅडवरची अक्षरं, डिस्कची मोजलेली जाडी आणि रिमचा आकार इथे लिहा. त्यावरून पुढचं सामान ठरवता येईल.