पहिल्याच वर्षी ब्रँडीवाईन टोमॅटो नको

एअरलूम टोमॅटो, म्हणजे पिढ्यानपिढ्या बी जपून टिकवलेले जुने वाण लावताय, छान! फक्त सुरुवात ब्रँडीवाईन या वाणाने करू नका. चवीला तोड नाही, पण रोप लावल्यापासून फळ पिकायला ८०-९० दिवस सहज जातात आणि फळंही मोजकीच येतात. त्यापेक्षा चेरोकी पर्पल घ्या. सोबतीला यलो पेअरचं एक रोप असू द्या. चव जरा सपकच, पण फळांचा नुसता सडा पडतो, हुरूप टिकतो.

चेरोकी पर्पल लाल होण्याची वाट बघत बसू नका, मी बसलो होतो आणि निम्मी फळं वेलीवरच लिबलिबीत झाली. देठाजवळचा भाग हिरवटच राहतो. खाली मळकट जांभळा रंग चढला आणि अंगठ्याने दाबल्यावर फळ किंचित दबलं, की तोडा. पाणी नियमित द्या, नाहीतर फळं तडकतात.

बी नक्की धरा. गर थोड्या पाण्यात २-३ दिवस आंबू द्या, वर बुरशीचा पापुद्रा येईल, घाबरू नका. तळाशी बसलेलं बी धुऊन ताटलीत वाळवा. कागदावर नको, चिकटून बसतं.