ड्रेस्डेनची फ्युर्स्टनत्सूग भिंत: किती वेळ द्यावा आणि काय पाहावे

प्रागच्या मुक्कामातून एक दिवस काढून जर्मनीतील ड्रेस्डेनला जाणे फ्युर्स्टनत्सूगसाठी, म्हणजे तिथल्या भिंतीवरील राजांच्या मिरवणुकीसाठी, योग्य ठरेल का, तिकीट लागते का आणि वेळ किती राखून ठेवावा, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की केवळ या भिंतीसाठी प्रवास करू नये. मात्र ड्रेस्डेनला जाणार असाल तर बहुतेक पर्यटकांप्रमाणे पाच मिनिटांत छायाचित्र काढून पुढे सरकू नये, एक तास तरी द्यावा. तिकिटाचा प्रश्नच येत नाही, कारण हे चित्र आउगुस्टुसश्ट्रासे या सार्वजनिक रस्त्यावर राजवाड्याच्या जुन्या अश्वशाळेच्या आवाराबाहेरच्या भिंतीवर आहे आणि तिथे कोणत्याही वेळी जाता येते. प्रागहून थेट रेल्वेने साधारण अडीच तास लागतात. चेकिया आणि जर्मनी हे दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एरवी सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असले तरी सीमेवर तपासणी होऊ शकते, म्हणून पासपोर्ट जवळ असू द्यावा. ड्रेस्डेनच्या मुख्य स्थानकावरून रमतगमत चालत गेल्यास अर्ध्या तासात तिथे पोहोचता येते.

भिंतीची लांबी सुमारे 102 मीटर आहे आणि रस्ता अरुंद आहे, त्यामुळे संपूर्ण चित्र एका नजरेत मावत नाही, कॅमेऱ्यात तर नाहीच. ही अडचण मानू नये. मिरवणूक जशी पुढे सरकते तसे आपणही तिच्या बाजूने चालावे, अशीच तिची रचना आहे. जिथे मिरवणुकीचा अग्रभाग आहे त्या टोकापासून सुरुवात करावी, म्हणजे कालक्रम आपोआप लागतो. भिंतीचे तोंड साधारण उत्तरेकडे असल्यामुळे दिवसा तिच्यावर प्रखर ऊन क्वचितच पडते आणि चकाकी त्रास देत नाही. खरा त्रास गर्दीचा आहे. मार्गदर्शकांमागून चालणारे जथे इथे थांबतात आणि मधला भाग अडवून ठेवतात, म्हणून शक्य असल्यास सकाळी लवकर जावे.

आता चित्राविषयी. ड्रेस्डेन ज्याची राजधानी आहे त्या सॅक्सनीवर राज्य करणाऱ्या वेटिन घराण्याला 1889 साली आठशे वर्षे पूर्ण होणार होती. त्या निमित्ताचा विचार करून विल्हेल्म वाल्टर या चित्रकाराने 1870च्या दशकात ही मिरवणूक भिंतीवर साकारली. तिचे मूळ रूप स्ग्राफितो पद्धतीचे होते: वेगवेगळ्या रंगछटांचे गिलाव्याचे थर एकावर एक द्यायचे आणि वरचा थर ओला असतानाच खरवडून खालचा रंग रेषारूपाने उघडा करायचा. उघड्या भिंतीवरचे हे काम हवामानापुढे टिकले नाही आणि काही दशकांतच चित्र फिके पडू लागले. तेव्हा 1904 ते 1907 या काळात तेच चित्र जवळच्या माइसेन गावात बनणाऱ्या पोर्सिलेनच्या सुमारे 23,000 टाइलांवर उतरवून भिंतीवर बसवण्यात आले. आज आपण पाहतो ते हे दुसरे रूप आहे. जवळ जाऊन पाहिल्यास टाइलांचे सांधे दिसतात. चार पावले मागे गेल्यास ते नाहीसे होतात आणि स्ग्राफितोची काळी रेघ तेवढी उरते. हा फरक मुद्दाम अनुभवावा.

1945च्या फेब्रुवारीतील बाँबहल्ल्यात आणि त्यानंतरच्या वणव्यात आजूबाजूचे जुने शहर बेचिराख झाले, शेजारचे फ्राउएनकिर्खे हे चर्चही कोसळले, पण भट्टीतून भाजून निघालेल्या या टाइलांचे तुलनेने फारच थोडे नुकसान झाले. ते चर्च 2005 मध्ये पुन्हा उभे राहिले. भिंत मात्र जागेवरच होती. ड्रेस्डेनच्या मध्यवस्तीतील जुन्या दिसणाऱ्या अनेक गोष्टी प्रत्यक्षात नंतर उभारलेल्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या भिंतीचे महत्त्व कळते.

मिरवणुकीत 35 राज्यकर्ते आहेत. त्यांची नावे खाली लिहिलेली आहेत आणि काहींची टोपणनावेही आहेत. ती वाचायला थांबावे, कारण घराण्याने स्वतःच्या गौरवासाठी रंगवून घेतलेल्या भिंतीवर एका पूर्वजाचे वर्णन ‘अधःपतित’ असे यावे ही मौजच आहे. हा आल्ब्रेख्त. त्याचा मुलगा फ्रीडरिख ‘चावलेला’ म्हणून ओळखला जातो. दंतकथा अशी की आल्ब्रेख्तची पत्नी मार्गारेटे 1270 मध्ये वार्टबुर्ग किल्ल्यातून पळून गेली, तेव्हा मुलाचा निरोप घेताना तिने त्याच्या गालाचा चावा घेतला. ती बादशहा दुसऱ्या फ्रीडरिखची कन्या होती, तरीही भिंतीवर ती नाही. राण्यांना या मिरवणुकीत स्थानच नाही.

आउगुस्ट द स्ट्राँग या राजापाशी थोडे अधिक थांबावे. त्याच्या घोड्याच्या टापेखाली एक गुलाब आहे. गुलाब हे प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथर याचे चिन्ह. आणि पोलंडचे सिंहासन मिळावे म्हणून 1697 मध्ये या राजाने प्रोटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक पंथ स्वीकारला होता, म्हणून त्या गुलाबाचा संबंध अनेक जण या धर्मांतराशी जोडतात. दुसरी गोष्ट मार्गदर्शक सहसा सांगत नाहीत, मला मात्र तीच अधिक रंजक वाटते: माइसेनचा पोर्सिलेन कारखाना 1710 मध्ये याच राजाने सुरू केला, आणि जवळपास दोनशे वर्षांनी त्याच कारखान्याच्या टाइलांवर तो स्वतः घोड्यावर बसून आला.

राजांकडे पाहून झाले की मिरवणुकीच्या शेवटच्या भागाकडे वळावे. तिथे विद्वान, कलावंत, कारागीर आणि शेतकरी पायी चालताना दिसतात. चित्रकार लुडविग रिश्टर त्यांत आहे आणि वाल्टरने स्वतःलाही तिथेच उभे केले आहे. राजांचे चेहरे, विशेषतः सुरुवातीच्या शतकांतील, बऱ्याच अंशी कल्पनेचे आहेत. इथले चेहरे चित्रकाराच्या ओळखीच्या माणसांचे आहेत आणि ते लगेच जाणवते. मिरवणुकीतील शेवटचा राजा गेओर्ग आहे. त्याचा मुलगा तिसरा फ्रीडरिख आउगुस्ट, ज्याने नोव्हेंबर 1918 मध्ये राजत्याग केला, तो इथे नाही. त्यामुळे राजघराण्याचा अंत ही भिंत दाखवत नाही.

भिंत पाहून झाल्यावर आतल्या अश्वशाळेच्या चौकात, म्हणजे श्टालहोफमध्ये, अवश्य जावे. बाहेर चित्र असलेल्या त्याच इमारतीची आतली बाजू कमानींची आहे आणि पूर्वी तिथे घोडेस्वारांचे खेळ होत. पोर्सिलेनमध्ये रस वाटू लागला तर त्स्विंगर या जुन्या प्रासादातील पोर्सिलेन संग्रह जवळच आहे, पण तो सोमवारी बंद असतो. राजवाड्यातील संग्रहालये मंगळवारी बंद असतात. दोन्ही पाहायचे असतील तर प्रागहून बुधवारी किंवा त्यानंतरच्या दिवशी निघावे. माइसेन गाव लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत येते. तरीही एका दिवसाच्या सहलीत ते बसवण्याचा प्रयत्न करू नये, कारण मग भिंतीसाठी राखलेला तासच पहिल्यांदा कापला जातो.