उत्तर आयर्लंडमधला संघर्ष संपवणाऱ्या गुड फ्रायडे करारानंतर आयआरएने (ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने) लगेच शस्त्रे खाली ठेवली का?

नाही, त्याला जवळजवळ साडेसात वर्षे लागली. करार झाला १० एप्रिल १९९८ ला, शस्त्रे निकामी झाल्याची घोषणा झाली २६ सप्टेंबर २००५ ला. कराराचा मसुदा वाचलात तर कारण दिसते: शस्त्रे सोडण्यासाठी पक्षांनी आपले वजन वापरावे आणि करारावरच्या सार्वमतानंतर दोन वर्षांत हे काम व्हावे, एवढेच त्यात आहे, थेट सक्ती नाही. युनियनिस्टांना, म्हणजे ब्रिटनसोबत राहू इच्छिणाऱ्यांना, आयआरएने शस्त्रे आधी सोडायला हवी होती, तर रिपब्लिकनांना, म्हणजे संयुक्त आयर्लंड हवे असलेल्या आयआरएच्या बाजूच्यांना, ती देणे म्हणजे शरणागती वाटत होती. म्हणून ती ब्रिटिशांच्या हाती न देता कॅनडाचे जनरल जॉन द शास्तलेन यांच्या आंतरराष्ट्रीय आयोगासमोर निकामी केली गेली. साक्षीला एक कॅथलिक आणि एक मेथडिस्ट (प्रोटेस्टंट) धर्मगुरू होते. फोटो एकही नाही, पण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही समाजांचा माणूस तिथे उभा होता, आणि मला हे फार मोलाचे वाटते. मात्र हे फक्त प्रोव्हिजनल आयआरएबद्दल, म्हणजे मुख्य संघटनेबद्दल. त्यातून फुटलेल्या रिअल आयआरएने करारानंतर चारच महिन्यांत उत्तर आयर्लंडमधल्या ओमा शहरात बॉम्ब फोडला, त्यात २९ जणांचा जीव गेला.