निळी पेटी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. हैतीतल्या खेड्यापाड्यांतल्या शेतकरी गटांना पैसे पुरवणाऱ्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, एका संस्थेने तुला बोर्डावर बोलावलंय, आणि एक-दोन वर्षांत अध्यक्षपद घ्यावंस असंही सुचवलंय. तू विचारलंस, "काकू, मला हैतीतलं काय कळतं? हो म्हणू का?" हो म्हण. पण आधी हे सगळं वाच. अशाच एका संस्थेच्या बोर्डावर मी नऊ वर्षं होते. आधी खजिनदार, शेवटची तीन वर्षं अध्यक्ष. त्यातून जे हाती लागलं ते कुणाला तरी देऊन टाकावं असं फार दिवस मनात होतं.

हैतीच्या मध्य पठारावर एंश नावाचं शहर आहे. तिथून पुढे डोंगराकडच्या एका वस्तीत मी पहिल्यांदा गटाची बैठक पाहिली. आंब्याच्या झाडाखाली वीस-बावीस माणसं, बहुतेक बायका. मधोमध टेबल आणि टेबलावर तीन लाकडी पेट्या: हिरवी, तांबडी आणि निळी. हिरव्या पेटीत प्रत्येकीने ठरलेली वर्गणी टाकायची. त्यातून कर्ज मिळतं आणि ते व्याजासकट त्याच पेटीत परत येतं. तांबडी पेटी दुखण्याखुपण्यासाठी आणि मयतासाठी. त्यातून दिलेले पैसे परत मागायचे नाहीत. निळी पेटी बाहेरून आलेल्या पैशांची. तुला आपल्याकडचे बचत गट आठवतील, मलाही आठवले. खजिनदार बाई साधारण माझ्याच वयाची. ती एकेक नोट वर धरून मोठ्याने आकडा म्हणायची, सगळ्या तो आकडा परत म्हणायच्या, मगच नोट पेटीत जायची. मी दुभाष्याकरवी विचारलं, पैसा तो पैसाच, मग निळी पेटी वेगळी कशाला? तिने समजावलं ते असं: हिरव्यातला पैसा शेजारणीच्या घामाचा. तो बुडवला तर पाण्यावर गेल्यावर तोंड दाखवायला जागा राहत नाही. निळ्यातला पैसा कुणाचा, हे कुणी पाहिलेलंच नाही. दोन्ही एकत्र केले तर थोड्याच दिवसांत सगळाच पैसा निळा होतो.

बोर्डावर बसून तू ज्या रकमांना मंजुरी देशील त्या या निळ्या पेटीत जाणार आहेत. हिरवी पेटी तुझ्याआधी होती आणि तुझ्यानंतरही राहायला हवी. आपल्या पैशाने ती भरते आहे की आटते आहे, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारायला कुणीतरी लागतं. ते काम तुझं.

एकजूट कशी करायची हे आपण त्यांना शिकवायला जात नाही, हेही पहिल्या दिवसापासून ध्यानात असू दे. तिथे 'कोंबिट' असतो, म्हणजे थेट आपल्याकडची इर्जिक. आज माझ्या शेतात सगळे, उद्या तुझ्या शेतात, आणि ज्याचं शेत त्याच्याकडे सगळ्यांचं जेवण. 'सोल' म्हणजे आपली भिशी. 'मूव्मान पेइझान पापाय' ही शेतकरी चळवळ एंशजवळच्या पापाय गावात १९७३मध्ये सुरू झाली. तेव्हा देशात दुव्हालिए घराण्याची हुकूमशाही होती आणि शेतकऱ्यांनी दहा-बाराजणांचा गट करून बसणंसुद्धा जिवावर बेतण्यासारखं होतं. त्या चळवळीचे शावान झां-बातिस्त यांना २००५मध्ये पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. १९९४मध्ये अशा शेतकरी गटांना पैसे पुरवणारा 'लांबी फंड' सुरू झाला. लांबी म्हणजे शंख. गुलामीविरुद्धच्या उठावात शंख फुंकून माणसं गोळा करत. पळून गेलेल्या गुलामाचा एक पुतळा राजधानी पोर्तोप्रिन्समध्ये आहे, त्याच्याही ओठांशी शंखच आहे. ज्यांनी १८०४मध्ये स्वतःच्या हिमतीवर स्वातंत्र्य मिळवलं, त्यांना 'जागृत' करण्याची भाषा तुझ्या बोर्डाच्या कुठल्याही कागदावर दिसली, तर ती तिथल्या तिथे खोडायला लाव.

आता डुकरांची गोष्ट. ती माहीत असल्याशिवाय हैतीविषयीच्या कुठल्याच कागदावर सही करू नकोस. हैतीतल्या शेतकऱ्याकडे लहानखुरं काळं डुक्कर असायचं. ते उष्टंखरकटं खायचं, उन्हातान्हात तगायचं. शाळेची फी आली, लग्न निघालं, कुणी गेलं, की ते विकायचं. घरची बँकच ती. १९७०च्या दशकाच्या अखेरीस या बेटावर डुकरांचा आफ्रिकन ताप आला. साथ आपल्याकडे पसरेल या भीतीने अमेरिकेने पुढाकार घेतला आणि १९८३पर्यंत देशातली झाडून सगळी गावठी डुकरं मारली गेली. बदल्यात अमेरिकेतून गुबगुबीत डुकरं आली. त्यांना सिमेंटचा गोठा हवा, स्वच्छ पाणी हवं, विकतचं खाद्य हवं. लोक त्यांना 'चार पायांचे राजपुत्र' म्हणू लागले. ज्या घराला स्वतःलाच पक्की जमीन नव्हती, ते राजपुत्राला कुठून देणार? ज्या वर्षी बँक बुडाली त्या वर्षी किती मुलांची शाळा सुटली असेल, याचा विचार मी अजूनही करते.

पुढे तेच तांदळाचं झालं. १९९५मध्ये आयात तांदळावरचा कर ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. अमेरिकेत अनुदान मिळून पिकलेला स्वस्त तांदूळ बाजारात ओतला गेला आणि भात पिकवणाऱ्या आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यातला शेतकरी झोपला. ज्यांच्या कारकिर्दीत हे झालं त्या बिल क्लिंटन यांनी मार्च २०१०मध्ये सिनेटच्या समितीपुढे चूक कबूल केली. त्याच वर्षी, १२ जानेवारीला, भूकंप झाला होता. ऑक्टोबरात कॉलरा आला, तोही मदतीला आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरच्या सांडपाण्यातून. सुमारे १०,००० माणसं गेली. माफी मागायला डिसेंबर २०१६ उजाडला. तिथे एक म्हण आहे: मारणारा विसरतो, वळ ज्याच्या अंगावर तो विसरत नाही. गावात कुणी तुझ्याकडे संशयाने पाहिलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. निर्णय अशा खोलीत झाला जिथे शेतकरी नव्हता. आपली बोर्डरूम ही तशीच एक खोली आहे, बाळा. आत बसलेली माणसं चांगली असतात म्हणून ती वेगळी होत नाही. हे मी स्वतःच्या सहीने शिकले.

मी खजिनदार असताना एका देणगीदाराने झाडं लावण्यासाठी मोठी रक्कम दिली. अट एकच, पैसे त्याच वर्षी, ३१ डिसेंबरच्या आत खर्च व्हायला हवेत. रक्कम हातात आली ऑक्टोबरच्या शेवटी. गटाने निरोप पाठवला की आता पाऊस सरला, रोपं एप्रिलच्या पावसाला लावू, तोवर आळी करून ठेवतो. मी हिशेबाची माणूस. मला दिसत होतं ते देणगीदाराचं पत्र आणि ताळेबंदातली न खर्चलेली रक्कम. मुदतवाढ मागायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी लागवड करायला सांगितलं, बोर्डाने मान डोलावली, आणि नोव्हेंबरच्या शेवटी डोंगरउतारावर हजारो रोपं लागली. फोटो सुंदर आले. फेब्रुवारीत मी तिथे गेले तेव्हा काटक्यांच्या रांगा उभ्या होत्या. बायकांनी लांबून डोक्यावर पाणी आणून घराजवळची थोडी रोपं जगवली होती. मला कुणी एक शब्द बोललं नाही. त्या खजिनदार बाईने एक वाळलेलं रोप उपटून माझ्या हातात दिलं, मूळ दाखवलं आणि परत खड्ड्यात टेकवून ठेवलं. त्या मुळाची लांबी माझ्या करंगळीएवढीही नव्हती.

देणगीदाराला मी नंतर सगळं खरं लिहिलं. तो चिडला नाही. पहिल्याच महिन्यात विचारलं असतं तर मुदत वाढवली असती, असं त्याने कळवलं. म्हणून सांगते, अटी वाचताना पहिल्यांदा तारीख बघ आणि तिथल्या पावसाशी ताडून बघ. जमत नसेल तर पैसे घेण्याआधी बोल. पैसे नाकारण्याची ताकद बोर्डाकडेच असते. नोकरीवरच्या माणसाला ते अवघड जातं, कारण त्याचा पगार त्यावर चालतो.

कायद्याचं थोडक्यात. तुझ्यासारख्या हुशार मुलीला ते एका शनिवारात कळेल. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो, तसा इथे करखात्याकडे दरवर्षी फॉर्म ९९० जातो आणि तो कुणालाही बघता येतो. होकार देण्याआधी मागच्या तीन वर्षांचे मागवून घे. बोर्डावर स्वतंत्र सदस्य किती, संचालकाचा पगार कोणी आणि कसा ठरवला, हितसंबंधांबाबत लेखी नियम आहे का, हे त्यात दिसेल. सलग तीन वर्षं तो भरला नाही तर करसवलत आपोआप जाते. पण खरी गाठ पुढे आहे. परदेशात पैसे देताना त्यांच्या वापरावर शेवटचा निर्णय आपल्या संस्थेचाच असला पाहिजे, असं इथला कायदा म्हणतो. देणगीदाराचे पैसे नुसते पलीकडे पोचवणारा पाइप होता येत नाही. आणि आपण तर निर्णय गावाने घ्यावा म्हणून निघालेलो! मला सापडलेली वाट अशी: काय करायचं ते गट ठरवतो. ते काम संस्थेच्या उद्देशात बसतं का, हिशेब ठेवण्याची सोय आहे का, हे बोर्ड तपासतो आणि मंजुरी देतो. पैसे टप्प्याटप्प्याने जातात, पाहणी हैतीतले सहकारी करतात. 'ही गिरणी कशाला, शेळ्या घ्या' हे वाक्य बोर्डाच्या तोंडी येता कामा नये.

भाषेकडे लक्ष दे. हैतीत क्रेओल सगळे बोलतात, पण १९८७च्या राज्यघटनेपर्यंत सरकारी कारभाराची भाषा फक्त फ्रेंच होती. अजूनही अनेक संस्था अर्ज फ्रेंचमध्ये किंवा इंग्रजीत मागतात. मग अर्ज कोण लिहितो? शहरातला शिकलेला मध्यस्थ. पैशाचा रस्ताही मग त्याच्याच दारावरून जातो. अर्ज क्रेओलमध्ये घ्या, तोंडी सांगितलेलाही लिहून घ्या, आणि बोर्डाच्या बैठकीचं इतिवृत्त क्रेओलमध्ये करून परत पाठवा. भाषांतराचा खर्च 'प्रशासकीय' म्हणून कुणी कापायला निघालं तर तिथे अडून बस.

बोर्डावर हैतीची माणसं किती हे विचारशीलच. पण कुठली, हेही विचार. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेली, पोर्तोप्रिन्सच्या सुखवस्तू घरातली आणि डोंगरावर मका लावणारी, ही तीन वेगळी माणसं आहेत. पुण्यातल्या माणसाला मेळघाटातलं सगळं कळतं असं आपण धरून चालतो का?

अध्यक्ष झालीस की सगळ्यात शेवटी बोलायचं. मला हे फार जड गेलं. आपण आधी मत दिलं की उरलेले त्याच्याभोवती फिरतात, आणि फोनवरून जोडलेल्या हैतीच्या सहकाऱ्याचा आवाज तर येतच नाही. त्याची लाइन तुटली तर बैठक थांबव. मतदान पुढे ढकल. संचालकाला वगळून कर्मचाऱ्यांना परस्पर फोन करू नकोस. तिच्या कामाचं मूल्यमापन दरवर्षी लेखी कर, आणि ती थकली आहे का, हे त्या कागदाबाहेर विचार.

सध्याचे दिवस वाईट आहेत. जुलै २०२१मध्ये राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली. त्यानंतर टोळ्यांनी राजधानीचा बहुतेक भाग गिळला. १० लाखांहून जास्त माणसं घरं सोडून निघाली, त्यातली कितीतरी खेड्यांत नातेवाइकांकडे आली. नोव्हेंबर २०२४मध्ये विमानांवर गोळ्या लागल्यावर अमेरिकेतून पोर्तोप्रिन्सला जाणारी विमानं बंद झाली. अशा वेळी बोर्डावर कुणीतरी म्हणेल की परिस्थिती निवळेपर्यंत अनुदान थांबवू. ऐकून घे आणि मग विचार, ज्या घरात चारांची आता नऊ माणसं झाली, त्या घरी पेरणी थांबणार आहे का? जोखीम मोजायचीच, पण ती तिथल्या सहकाऱ्यांच्या तोंडून. कुठल्या रस्त्याने जायचं, कधी थांबायचं, कुठल्या पत्रकात गावाचं नाव छापायचं नाही, हे तेच सांगतील. त्यांचा शब्द अंतिम धर. त्यांच्या पगाराचे सहा महिने पुरतील एवढे पैसे राखीव ठेव आणि त्याला कुणालाही हात लावू देऊ नकोस.

तुझी पहिली बैठक जानेवारीच्या मध्याला आहे म्हणालीस. त्याआधी १ जानेवारीला माझ्याबरोबर ब्रुकलिनला चल. माझी हैतीची मैत्रीण आमच्या बोर्डावर होती, फ्लॅटबुशला राहते. त्या दिवशी घरोघर भोपळ्याचं सूप करतात. गुलामांनी रांधायचं आणि मालकांनी खायचं असं ते सूप, म्हणून स्वातंत्र्याच्या दिवशी ते सगळ्यांनी प्यायचं. मी तिला तुझ्याविषयी सांगून ठेवलंय. ३१ला संध्याकाळी भाज्या चिरायला बसायचं आहे. भोपळा मोठा असतो, तेव्हा वेळेवर ये. आणि माझ्याकडची इतिवृत्तांची जुनी फाइल त्याच दिवशी घेऊन जा. त्या नोव्हेंबरच्या पानावर मी खूण घातली आहे.

तुझी,
काकू