टाटा एस ईव्ही (विजेवर चालणारी छोटी मालगाडी) भाजीपाल्याच्या फेऱ्यांसाठी घेतली. जास्तीचं काय बसवावं?

अभिनंदन! आधी वजनाकडे बघा. तुमची ६०० किलो माल वाहणारी गाडी असेल, तर वर टाकलेला प्रत्येक किलो मालाच्या हिशेबातून जातो. ६० किलोचा लोखंडी पिंजरा म्हणजे टोमॅटोचे तीन क्रेट कमी, आणि ते दर फेरीला. शिवाय उंच पिंजऱ्याला वारा अडतो, बॅटरी लवकर उतरते. हौद्यात रबरी मॅट, चांगली ताडपत्री आणि दोऱ्या बांधायला हुक, एवढ्यावर भाजीचं काम छान भागतं. बॉडीत मोठा बदल करायचाच असेल तर आधी आरटीओची परवानगी काढा.

पैसे खरे घरच्या चार्जिंगवर घाला. १५ अँपिअरचा वेगळा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. २१.३ युनिटची बॅटरी रात्रभरात आरामात भरते. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र कधीच नको.

म्युझिक सिस्टीम, जादा दिवे बसवताना वायर कापू देऊ नका. माझ्या गाडीत एकाने हेडलाइटमागे वायर सोलून नुसती टेप गुंडाळली होती. पहिल्याच पावसाळ्यात तांबं हिरवं पडलं आणि ऐन पहाटे, माल भरलेला असताना, दिवे गेले. कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग), फ्यूज आणि रिले (दिव्यांचा जादा करंट पेलणारा स्विच) लावूनच काम करून घ्या, तेही १२ व्होल्टच्या लाइनवरच. नारिंगी केबलला कुणालाही हात लावू देऊ नका. ती हाय व्होल्टेजची असते, जिवाशी खेळ आहे.

टायरमधली हवा दर आठवड्याला तपासा. फुकटात रेंज वाढवणारं याहून चांगलं काही मला तरी सापडलेलं नाही.